तिजोरीचा हिरवा दिवा लागतो, पण मूठ फिरत नाही (सोलापूर)

सूनबाई_सोलापूर

नमस्कार. आमच्या घरातली इलेक्ट्रॉनिक कुलपाची तिजोरी अचानक उघडेनाशी झाली आहे. सासऱ्यांनी घेतलेली आहे, ते आता नाहीत. बेडरूममधल्या कपाटाच्या खालच्या खणात ती मागे भिंतीला आणि खाली फरशीला बोल्टने आवळलेली आहे, त्यामुळे उचलून कुठे नेण्याचा प्रश्नच नाही. दारावर आकड्यांची बटणं, त्याशेजारी गोल मूठ आणि वर एक लाल, एक हिरवा असे दोन बारीक दिवे.

कोड सासूबाईंना आणि मला दोघींनाही पाठ आहे. कोड टाकला की पीक असं वाजतं, हिरवा दिवा लागतो आणि आतून अगदी बारीक 'टिक' ऐकू येतं. पण मूठ फिरवायला जावं तर किंचित हलते आणि अडते. मुद्दाम चुकीचा आकडा टाकून पाहिला तर लाल दिवा लागतो, म्हणजे कोड त्याला ओळखू येतोय.

नणंदेच्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय, अक्कलकोटला आहे. सासूबाईंनी नातीसाठी ठेवलेली एक वस्तू आत आहे. ती त्यांना स्वतःच्या हातानं द्यायची आहे. शिवाय घराचं खरेदीखत आणि सासऱ्यांच्या यंत्रमागाच्या कारखान्याच्या जुन्या वह्याही आतच आहेत. लग्नानंतर वारसनोंदीसाठी खरेदीखत लागणारच आहे.

गावातले एक किल्ली बनवणारे येऊन बघून गेले. त्यांनी वर-खाली पाहिलं, मूठ जोरात ओढली आणि म्हणाले, "ग्राइंडर लावावा लागेल, दार कापून देतो." सासूबाईंनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. आत कागद आहेत, कापड आहे, ठिणग्या उडाल्या तर काय, हा त्यांचा प्रश्न मला पटला. शिवाय दार कापलं की तिजोरी भंगारातच जाणार. ती सासऱ्यांनी हौसेनं आणलेली. दर लक्ष्मीपूजनाला तिच्यावर हळदकुंकू वाहिलं जातं.

दारावर किल्लीचं भोक कुठेच दिसत नाही. सासूबाईंच्या जुडग्यात मात्र एक वेगळीच, नळीसारखी गोल तोंडाची किल्ली आहे. ती कशाची, ते घरात कुणालाच माहीत नाही. न कापता उघडण्याचा काही मार्ग आहे का? कुणाला बोलवावं?

(दागिन्यांचा तपशील आणि कॉलनीचं नाव खालच्या एका प्रतिसादानंतर काढून टाकलं आहे.)

होटगीरोड_इलेक्ट्रिकल

ताई, आधी सेल. हिरवा दिवा लागला म्हणजे सेल ठीक आहेत असं अजिबात धरू नका. दिव्याला करंट लागतोच किती? रिमोटचा दिवाही मेलेल्या सेलवर लुकलुकतो.

सेल कुठे बसतात ते बघा. काही तिजोऱ्यांत बटणांची पाटी खाली सरकवली किंवा उचलली की मागे सेलचा कप्पा असतो. तसं असेल तर नवे सेल टाका, काम झालं. काहींमध्ये मात्र सेल दाराच्या आतल्या बाजूला असतात. मग बाहेरून करंट द्यावा लागतो.

एवढं करूनही नाही झालं तर कोड टाकून दारावर रबरी हातोडीचे दोन-चार ठोके द्या आणि त्याच वेळी मूठ फिरवा. आमच्या मेव्हण्याची अशीच उघडली होती.

सराफकट्टा_मुनीम

ताई, बाकी सगळं नंतर. आधी तुमची पोस्ट एडिट करा.

आत काय काय आहे, कुठल्या कॉलनीत राहता, घरी वयस्कर बाई आहेत आणि लग्नामुळे अमुक तारखेला सगळे बाहेरगावी जाणार, हे सगळं तुम्ही एका जागी लिहिलंय. वाचणारे आम्ही सगळे भलेच आहोत असं कुणी सांगितलं? माझी उभी हयात सराफाच्या पेढीवर वह्या लिहिण्यात चाललीय. चोरी झालेल्या घरातली माणसं पेढीवर जुन्या पावत्या शोधायला येतात. तेव्हा बहुतेक वेळा कळतं की आतली बातमी घरातूनच, सहज बोलता बोलता बाहेर गेली होती.

दुसरं. कारागीर घरी येईल तेव्हा घरातली दोन मोठी माणसं समोर असू द्या. दार उघडलं की त्याला आत हात घालू देऊ नका. आधी तुम्ही आतलं सामान काढून, चादरीत गुंडाळून दुसऱ्या खोलीत न्या, मग त्याला कुलपाचं काम करू द्या. चांगला कारागीर स्वतःच बाजूला होऊन उभा राहतो. नाही झाला, तर त्याच्यावरून काय ते ओळखा.

आणि तिजोरीत काय आहे त्याची यादी, फोटो आणि सोन्याच्या पावत्या तिजोरीच्या बाहेर असाव्यात. हे आत्ता तुमच्या उपयोगाचं नाही, पण उघडल्यावर तेवढं नक्की करा.

सूनबाई_सोलापूर

मुनीमकाका, तुमचं अगदी बरोबर आहे, पोस्ट बदलली. मनापासून आभार.

होटगीरोडवाले दादा, बटणांची पाटी हलत नाही, सरकतही नाही. बाहेर कुठेच कप्पा दिसत नाही, म्हणजे सेल आतच असणार. हातोडीचं सासूबाईंना सांगितलं, त्या तयार नाहीत. आणि खरं सांगायचं तर माझाही हात होईना.

तिजोरीकाम_मुरारजीपेठ

सूनबाई, हातोडी उचलली नाहीत ते फार चांगलं केलंत. मी बँकांच्या स्ट्राँगरूम, लॉकर आणि घरगुती तिजोऱ्या यांच्याच कामात वाढलो आणि त्यातच म्हातारा झालो. आता फिरतीवर जात नाही, म्हणून सवडीनं आणि सविस्तर लिहितो. सासूबाईंनाही वाचून दाखवा.

तुमचं कुलूप मेलेलं नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं नीट बघा. बटणं चालतात, कोड ओळखला जातो, बरोबर आणि चूक यांतला फरक त्याला कळतो. म्हणजे बोर्ड, आतली इलेक्ट्रॉनिक पाटी, शाबूत आहे. 'टिक' ऐकू येतं, म्हणजे बोर्डाकडून हुकूमही सुटतोय. राहिलं ते शेवटचं एकच काम. एक बोटभर लोखंडी खिळा मागे ओढला जायला हवा, तो पूर्ण ओढला जात नाही.

हे कुलूप चालतं कसं ते सांगतो, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. दाराच्या कडेतून जे जाड गज बाहेर येऊन चौकटीत घुसतात, ते तुम्ही मुठीनं स्वतःच्या हातानं सरकवता. करंटवर ते सरकत नाहीत. करंटवर चालते ती फक्त एक छोटी कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, करंट मिळाला की ते लोहचुंबकासारखं ओढतं. तिच्यामध्ये स्प्रिंगवर बसलेला खिळा असतो. एरवी तो स्प्रिंगच्या जोरावर पुढे येऊन गजांच्या पट्टीला आडवा पडतो, म्हणून मूठ फिरत नाही. बरोबर कोड टाकला की बोर्ड त्या कॉइलला काही सेकंद करंट देतो, खिळा मागे खेचला जातो, तेवढ्या वेळात मूठ फिरवायची. स्वस्तातल्या, घरगुती बहुतेक तिजोऱ्यांचं पोट एवढंच असतं.

आता दोन गोष्टींनी हा खिळा अडतो.

एक, होटगीरोडवाले म्हणतात ते. सेल. ते दीड व्होल्टचे चार असतात, मिळून सहा व्होल्ट. दिवा, बझर, बटणं यांना नगण्य करंट पुरतो. कॉइलला मात्र त्याच्या कितीतरी पट, तोही एका झटक्यात लागतो. सेल जुना झाला की नुसता मीटर लावून मोजला तर बरा वाटतो, पण कॉइलनं करंट मागितला की व्होल्टेज बसतं. दिवा लागतो, खिळा जागेवरच थरथरून थांबतो. तुम्हाला ऐकू येणारं बारीक 'टिक' ते हेच. निरोगी कुलपाचा आवाज ठसठशीत 'खट' असा असतो, शेजारच्या खोलीत कळतो.

दोन, आणि ही गोष्ट कुणी सांगत नाही. खिळ्यावर दाब असेल तर नवे कोरे सेलही त्याला ओढू शकत नाहीत. दाब दोन प्रकारे येतो. आत सामान ठासून भरलं असेल तर ते दाराला आतून बाहेर रेटतं, त्यामुळे गज चौकटीत घट्ट अडकतात. किंवा माणूस घाईघाईनं कोड टाकायच्या आधीपासूनच मूठ उघडायच्या दिशेला ओढून धरतो. मग गजांची पट्टी त्या खिळ्याला चिमटीत पकडते. कॉइल बिचारी ओढते, पण चिमटीतून खिळा सुटणार कसा? तुमच्याकडे आलेल्या माणसानं मूठ जोरात ओढून पाहिली असं लिहिलंत. उघडत नाही म्हटल्यावर प्रत्येक जण तेच करतो, आणि नेमकं तेच उलटं पडतं.

म्हणून या क्रमानं करा.

आधी बाहेरून करंट द्यायची जागा शोधा. सेल आत असलेल्या तिजोरीला ती बहुधा असते, कारण सेल संपले तर उघडायची कशी याचा विचार बनवणाऱ्यानंही केलेला असतो. बटणांच्या पाटीच्या खालच्या कडेला बोट फिरवा. रबराची छोटी झाकणी असेल, किंवा दोन पितळी ठिपके असतील. नव्या तिजोऱ्यांत मोबाईलच्या चार्जरसारखी खाच असते. ठिपके असतील तर नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, तिची दोन्ही तोंडं एकाच बाजूला असतात. अधिक-उणं बघून टेकवा, खूण बहुतेक ठिकाणी कोरलेली असते. गोल छिद्र असेल तर त्यासाठी चार सेलची एक डबी तिजोरीसोबतच मिळालेली असते. सासऱ्यांच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये किंवा खोक्यात बघा. डबी नसेल आणि कुठली बॅटरी लावायची ते तिजोरीवर लिहिलेलं नसेल, तर अंदाजानं काही लावू नका. मोबाईलच्या खाचेला घरच्या प्लगमधला चार्जर नको, पॉवरबँक चालेल. स्कूटरच्या बॅटरीची वायर काढून लावायचा शहाणपणा तर कुणीही करू नये. बारा व्होल्टनं बोर्ड जळालेले मी हातानं काढून टाकलेत.

बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानात धूळ खात पडलेली घेऊ नका. पाकिटावर तारीख छापलेली असते, ती बघून, चांगल्यातली अल्कलाइन घ्या.

मग कुणीतरी दार गुडघ्यानं किंवा खांद्यानं आत दाबून धरा. दुसऱ्यानं मूठ बंद करायच्या दिशेला हलकेच नेऊन सोडून द्यायची, ओढून धरायची नाही. त्यानंतर कोड टाका. आवाज झाला की मगच मूठ फिरवा. सावकाश, पण त्या काही सेकंदांच्या आत. बॅटरी मूठ फिरेपर्यंत टेकवलेली राहिली पाहिजे, हे विसरू नका. सहसा तीन माणसं लागतात.

चुकीचा कोड उगाच टाकून पाहू नका. ठरावीक वेळा चुकलं की ही कुलपं काही मिनिटं पूर्ण बंद पडतात, काही तर त्याहून जास्त वेळ. लोक समजतात कुलूप गेलं. तशी बंद पडली तर बटणांना हात न लावता थांबायचं, प्रत्येक वेळी बटण दाबलं की काही कुलपांत मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आणि सेल संपले म्हणून कोड पुसला जाईल ही भीती मनातून काढा, कोड ज्या चिपमध्ये असतो तिला तो टिकवायला करंट लागत नाही.

आता ती नळीसारखी किल्ली. माझ्या अंदाजानं ती याच तिजोरीची आहे. किल्लीचं भोक उघडं ठेवत नाहीत. मूठ आणि बटणं यांच्या मधली कंपनीच्या नावाची पट्टी, किंवा एखादं गोल प्लास्टिकचं बुच, नखानं किंवा पातळ प्लास्टिकनं अलगद उचकून बघा. काही ठिकाणी ही पट्टी दोन बारीक स्क्रूंवर असते. खाली गोल, मध्ये खुंटी असलेलं भोक दिसलं तर तुमचं काम तिथेच झालं. किल्ली फिरली की खिळा हातानंच मागे जातो, करंट लागत नाही. तेव्हाही दार आत दाबूनच धरा, किल्ली नरम असते, दाबाखाली पिळली तर तुटते.

होटगीरोडवाले, तुमच्यावर रोख नाही, पण ठोकण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हलक्या तिजोरीत धक्क्यानं खिळा उडतो हे खरं. पण बोर्डाचे टाके सुटतात, आतली पट्टीसारखी वायर निघते, आणि मग नऊ व्होल्ट लावूनही उपयोग राहत नाही. चांगल्या प्रतीच्या तिजोरीत तर फोडण्याचा संशय आला की आपोआप पडणारा दुसरा अडसर असतो. तो एकदा पडला की खरा कोड आणि खरी किल्ली दोन्ही निकामी. मग दारात भोक पाडण्यावाचून इलाज नाही. ते भोक कुठे पाडायचं हे कारागिराला त्या मॉडेलच्या नकाशावरून कळतं. मी ते इथे लिहिणार नाही, कुणी विचारूही नये. एवढं सांगतो की जाणकारानं पाडलेलं भोक करंगळीएवढंही नसतं, नंतर बुजवता येतं आणि तिजोरी पुन्हा वापरता येते. ग्राइंडर म्हणजे ज्याला कुलूप कळत नाही त्याचं हत्यार आहे. पत्रा लालभडक होतो, आतल्या बाजूला कापड किंवा कागद टेकलेला असेल तर धुमसतो, आणि बाहेरच्याला धूर येईपर्यंत पत्ता लागत नाही. सासूबाईंची शंका सोळा आणे खरी होती.

यातलं काहीच जमलं नाही तर कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करा. दाराच्या आतल्या बाजूला, मागे किंवा पावतीवर अनुक्रमांक असतो. त्यावरून किल्ली मिळते किंवा माणूस येतो. पावती सासऱ्यांच्या नावावर असेल तर तुमचं ओळखपत्र, त्यांचा मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद मागतील. त्याचा राग मानू नका. जो काहीही न विचारता तिजोरी उघडून देतो, तो उद्या दुसऱ्या कुणालाही तुमची उघडून देईल.

पूर्वभाग_पद्मा

काकांनी सगळं लिहिलंच आहे. फक्त एक आमच्या अनुभवातलं. आमच्याकडे घर आणि कारखाना एकाच वाड्यात, खाली टॉवेलचे माग. कापसाचे तंतू कुठे जाऊन बसतील सांगता येत नाही, फ्रीजच्या मागे, पंख्यात, देवघरातल्या निरांजनात. आमच्या तिजोरीच्या बटणांखाली ते जाऊन बसले होते. सहाचं बटण दाबलं तरी लागत नव्हतं आणि आम्हाला वाटायचं कोडच चुकतोय. प्रत्येक बटणाला पीक वाजतंय का ते मोजा. एखादं मुकं असेल तर कोड अपुरा जातो. सूनबाईंच्या सासऱ्यांचाही कारखाना होता म्हणून सांगितलं.

बाकी, आम्ही शेवटी बँकेत लॉकर घेतला. तो बरा पडतो ना?

सराफकट्टा_मुनीम

लॉकर बरा, पण समजून घ्या. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये नियम बदलले, ते 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच माणसाची लबाडी यामुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वर्षाच्या भाड्याच्या 100 पट एवढी. म्हणजे भाडं 2000 रुपये असेल तर 2 लाख. आत सोनं वीस तोळे असो की दोन तोळे, आकडा तोच. भूकंप, पूर, वीज पडणं अशा आपत्तीत तीही नाही, त्यात बँकेचा स्वतःचा निष्काळजीपणा असला तर गोष्ट वेगळी. आत काय आहे हे बँकेला माहीत नसतं, म्हणून विमाही बँक काढत नाही, तो आपला आपण काढायचा.

मी लोकांना सांगतो, वर्षातून एकदा लागणारं लॉकरमध्ये, सणासुदीला लागणारं घरात. दोन्हींची यादी तिसरीकडे.

सूनबाई_सोलापूर

उघडली!

सगळं नीट सांगते, पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून. मुरारजी पेठेतल्या काकांनी लिहिलेलं सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. "दार आत दाबून धरा" इथे त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "अगं, शेवटचं बंद केलं तेव्हा वह्यांचं गाठोडं आत जाईना, तर मी पायानं दार रेटून मूठ फिरवली होती." तिथेच अर्धं उत्तर मिळालं.

आधी पट्टी उचकून पाहिली. कंपनीच्या नावाखाली खरोखरच गोल भोक निघालं. इतकी वर्षं आम्ही रोज त्यावरून फडकं फिरवतोय. जुडग्यातली किल्ली लावली तर अर्धीच आत गेली. काकांनी जोर लावू नका म्हटलं होतं म्हणून लगेच काढली. टॉर्च मारून पाहिलं तर भोकात गडद काहीतरी साचलेलं, बहुतेक पद्माताई म्हणतात तो तंतू आणि तेल. त्याच्या नादी लागलो नाही.

बटणांच्या पाटीच्या खाली, अगदी आतल्या कडेला, रबराची झाकणी होती. रंग दाराचाच, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसली नव्हती, बोटाला लागली. खाली दोन पितळी ठिपके. नवी पेठेतून नऊ व्होल्टची बॅटरी आणली, तारीख बघून. मुलानं ती दोन बोटांत धरून टेकवली, तेवढ्यानं हिरवा दिवा एकदम लख्ख झाला. आधी तो किती मंद लागत होता हे तेव्हा कळलं.

तरी पहिल्यांदा मूठ अडलीच. मग मिस्टर जमिनीवर बसले, पाठ पलंगाला टेकवून दोन्ही तळपाय दारावर लावून रेटले. मी मूठ मागे नेऊन सोडून दिली. कोड सासूबाईंनी टाकला, तो त्यांनीच टाकायचा असं त्यांचं म्हणणं होतं. आणि काका, तुम्ही लिहिलेलं 'खट' अगदी तसंच आलं, टिक नव्हे. मूठ लोण्यासारखी फिरली. दार उघडलं तशी वरची वही घसरून मिस्टरांच्या मांडीवर पडली.

मुनीमकाकांनी सांगितल्याप्रमाणे सामान आधी दुसऱ्या खोलीत नेलं. मग दाराच्या आतलं सेलचं झाकण काढलं. चारपैकी एक सेल फुटून त्याच्या टोकाला पांढरट-हिरवी पूड जमली होती, स्प्रिंगवरही आलीय. कोरड्या ब्रशनं थोडी झटकली. त्याला नुसत्या हातानं स्पर्श करू नये असं वाटलं म्हणून तिथेच थांबले.

दार आता उघडं ठेवलंय आणि आत काही नाही. पुढे काय करू? नवे सेल टाकले की झालं, की कुलूपच बदलून घ्यावं? आणि ही किल्ली ठेवायची कुठे?

तिजोरीकाम_मुरारजीपेठ

शाब्बास. पायांनी रेटायची युक्ती मिस्टरांना सुचली ती नामी, खांद्यापेक्षा पायात जोर जास्त.

हाताला न लावलंत ते बरोबर. अल्कलाइन सेलमधून गळतं ते क्षार कातडीला आणि डोळ्याला वाईट. रबरी हातमोजे घाला, कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून स्प्रिंग आणि पत्र्या पुसा. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस. थोडं फसफसेल, ते होऊ द्या. मग ओल्या कापडानं पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या. नळीतून पाणी ओतू नका. स्प्रिंगचा मुलामा उडून ती काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासा. खाऊन बारीक झाली असेल तर कप्पा बदलायला सांगा, तो स्वस्त असतो.

कुलूप बदलायची गरज मला दिसत नाही. नवे चार सेल एकाच पाकिटातले टाका, जुन्यात नवा मिसळू नका. घड्याळात घालतात ते साधे सेल नकोत. चार्जिंगचेही नकोत, ते एकेक 1.2 व्होल्टचे, चार मिळून पाच व्होल्टही होत नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद कपाटातही सेल तापतात आणि लवकर गळतात. म्हणून संपायची वाट न बघता वर्षातून एकदा बदलायचे. तुमच्याकडे लक्ष्मीपूजनाला तिजोरीची पूजा होते ना? धनत्रयोदशीला सेल बदला. तारीख लक्षात ठेवावी लागत नाही, आणि उन्हाळ्याच्या आधी सेल नवे असतात.

सेल टाकल्यावर दार उघडंच ठेवून मूठ फिरवून गज बाहेर काढा, आणि कोड टाकून परत आत घ्या. असं बऱ्याच वेळा करा. दर वेळी 'खट' सारखंच आलं पाहिजे. एखाद्या वेळी दबकं आलं तर कॉइलकडे जाणारी वायर हलवून बघा, कनेक्टर सैल असेल. हे सगळं नीट झाल्याशिवाय दार लावायचं नाही. कोड बदलायचा असेल तर तोही दार उघडं असतानाच.

भोक साफ करायला तेल घालू नका, तेलानंच तिथे चिकटा धरलाय. हवेच्या पंपानं फुंकर मारा, मग ग्रॅफाइटची पूड चिमूटभर. शिसपेन्सिल घासून काढलेली पूडही चालते. किल्ली पूर्ण आत जाऊन फिरते का ते दार उघडं असतानाच पाहा. फिरली तर तिची एक नक्कल करून घ्या. एक नणंदेकडे अक्कलकोटला, एक तुमच्या घरात पण तिजोरीच्या खोलीत नाही. देव्हाऱ्यात, धान्याच्या डब्यात, कपाटावरच्या बॅगेत नको, चोर पहिले तिथेच हात घालतात. आणि तिजोरीच्या आत तर नकोच नको. तुम्हाला हसू येईल, पण मी उघडलेल्या कित्येक तिजोऱ्यांमध्ये तिची किल्ली आतच सापडली आहे.

वह्यांचं गाठोडं बाहेर काढा. त्या जागेत दार सहज लागेल एवढं अंतर राहिलं पाहिजे.

सूनबाई_सोलापूर

व्हिनेगरनं पुसून झालं, स्प्रिंग चांगली आहे, फक्त रंग गेलाय. नवे सेल टाकले, आवाज दर वेळी सारखा येतोय. किल्ली फुंकर मारल्यावर पूर्ण आत गेली आणि फिरली. नक्कल उद्या करून घेते.

वह्या मिस्टरांनी कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या. सासूबाई त्यातली एक उघडून बसल्यात, सासऱ्यांच्या अक्षरात कामगारांच्या उचलीचे हिशेब आहेत. काका, सासूबाई विचारतायत, लग्नाला याल का? पत्ता निरोपातून पाठवते, इथे लिहीत नाही.

सराफकट्टा_मुनीम

पत्ता इथे लिहिला नाहीत, हे उत्तम. यादी करायची राहिलीय, ती लग्नाला निघायच्या आधी करा.